सूर्यभान ग्रामसेवकाचं दुखणं

सूर्यभान पालवे पाथर्डी तालुक्यातल्या हरणदऱ्याला ग्रामसेवक म्हणून आला, तेव्हा पस्तिशीचा होता. गाव डोंगराच्या कुशीत, जमीन मुरमाड, पीक बाजरीचं. दसरा झाला की निम्मं गाव बैलगाड्या जुंपून श्रीरामपूर-संगमनेरकडच्या कारखान्यांवर ऊस तोडायला निघून जायचं, ते अक्षय तृतीयेच्या आसपास परत यायचं. मधल्या सहा महिन्यांत गावात म्हातारी माणसं, दारांना लावलेली कुलपं आणि ग्रामसेवक एवढेच उरत. दुसरे ग्रामसेवक असल्या गावातून बदली करून घ्यायला धडपडायचे. सूर्यभान तिथं रमला. तो तालुक्यातलाच, शेतकऱ्याच्या घरातला. लोकांची बोली तीच त्याची बोली. आडावरचा रहाट मोडला, कुणाला दाखला हवा झाला, कुणाच्या लेकराला देवी टोचायची राहिली, की लोक 'भाऊसाहेब' म्हणत त्याच्या ओट्यावर येऊन टेकत. गावाखेरीज तीन वाड्या त्याच्याकडे होत्या आणि त्या तो सायकलीवर फिरायचा. चढ आला तरी खाली उतरायचा नाही.

१९७० च्या श्रावणात तालुक्याला नसबंदीचं शिबिर लागलं. प्रत्येक ग्रामसेवकानं किती माणसं आणायची ते वरून ठरवून आलेलं. सूर्यभान महिनाभर घरोघर फिरला. शिबिराच्या दिवशी शाळेपुढं ट्रक येऊन उभा राहिला, माणसंही जमली, पण गाडीत चढेना कुणी. एकमेकांकडं बघत तंबाखू मळत उभे.

त्या घोळक्यात पुंजाराम गर्जे होता. ऊसतोडीतला नावाजलेला माणूस. उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचा, तेव्हा बाकीचे काम थांबवून बघत राहायचे. त्याला चार मुली आणि दोन मुलगे. तो पुढं आला.

"भाऊसाहेब, तुमी सांगताय ते समदं खरं आसंल," तो म्हणाला. "पर कोयता चालवायला कंबरंत जोर लागतो. तो गेला तर माझ्या लेकरांनी खायाचं काय? तुमी अगुदर करून दावा. मग मी बसतो."

सूर्यभान हसला. त्याला स्वतःला दोन मुली आणि एक मुलगा. पुढं वाढवायचा विचारही नव्हता. "चल, मी पहिला," तो म्हणाला. "ताकदीला केसाएवढासुदिक धक्का लागत न्हाई. आठवड्यानं माझ्याशी कुस्ती धर, मंग कळंल तुला." आणि तो ट्रकच्या फाळक्यावर पाय देऊन वर चढला. त्याच्यामागं पुंजाराम चढला, पुंजारामामागं आणखी तेरा जण.

डॉक्टर राशीनकर म्हणून तालुक्याच्या आरोग्य केंद्रात तरुण डॉक्टर होते. त्यांनी त्या दिवशी सगळ्यांत आधी सूर्यभानला टेबलावर घेतलं. संध्याकाळी सगळे गावात परत आले ते जत्रेहून आल्यासारखे, थट्टा करत. सूर्यभानच्या बायकोला, छबूबाईला, ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी आडावर कळली, तीही पुंजारामाच्या बायकोकडून. ती घरी आली, हंडा खाली ठेवला आणि चार दिवस कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "इचारलं आसतं तर मी न्हाई म्हनले नसते. पर इचारायला पायजे हुतं."

"त्यात काय इचारायचं?" सूर्यभान म्हणाला. "गावापुढं उभं राहून बायकोला इचारून येतो म्हनू?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. दिवाळीनंतर जिल्हा परिषदेकडून सूर्यभानला प्रशस्तिपत्र आलं. त्यानं ते चौकट करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलं.

एक वर्ष सुरळीत गेलं. दुखणं सुरू झालं ते १९७१ च्या पावसाळ्यात, आणि तेही असं हलक्या पावलानं की कधी आलं ते सांगता येणार नाही. वाडीच्या चढावर तो एकदा सायकलीवरून उतरला. चाकात हवा कमी असेल म्हणून दाबून पाहिलं. चाक टणक होतं. मग तो रोजच उतरू लागला. दुपारी जेवण झालं की डोळे मिटायचे आणि उठल्यावरही अंग ओल्या पोत्यासारखं जड वाटायचं. अर्ज लिहायला बसला की दोन ओळींनंतर पुढचं सुचायचं नाही. छगन न्हावी बाजारच्या दिवशी त्याची दाढी करायचा. एकदा गालावरून वस्तरा फिरवत तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुमची दाढी आठवड्याला कशी खरखरीत व्हायची. आता पंधरा दिसांनी आले तरी वस्तऱ्याला काय लागंना." छगन सहज बोलला होता. सूर्यभान आरशात बघत राहिला.

आणखी एक गोष्ट होती. ती तो स्वतःशीही उच्चारत नव्हता. छबूबाईच्या जवळ जावं असं त्याला वाटेनासंच झालं होतं. भूक मरते तशी ती इच्छा मरून गेली होती. पहिले काही महिने त्यानं थकव्यावर ढकललं. मग एकदोनदा जवळ गेला तो केवळ धास्तीनं, आपल्याला जमतं का ते बघायला, आणि जमलं नाही. त्यानंतर तो पाठ करून झोपू लागला.

एके दुपारी छबूबाई बाजरी पाखडत होती. सुपावरची नजर न काढता तिनं विचारलं, "माझं काय चुकलं का?"

"कशाचं?"

"तुमाला ठावं हाय कशाचं."

"कामाचा ताण हाय गं. वाड्यांना फिरून फिरून जीव जातो."

"फिरत तर तुमी आधीबी हुते." तिनं सूप आपटलं. "त्या आपरेशनपासनं तुमी बदलले."

सूर्यभान तिच्यावर खेकसला, "आडान्यासारखं बोलू नगं," म्हणाला, आणि सायकल काढून बाहेर पडला. पण ते वाक्य त्याच्याबरोबर सायकलीवर बसून आलं. हेच वाक्य गावातली माणसं वर्षापूर्वी बोलत होती आणि त्यानंच ते खोडून काढलं होतं, चौदा जणांच्या देखत. आता ते त्याच्याच घरात बोललं जात होतं.

राशीनकर डॉक्टरांकडं जायची त्याला सोय नव्हती. त्यांनीच आपरेशन केलेलं. त्यांच्याकडं गेलो, कंपाउंडरच्या कानावर गेलं, तिथून तालुक्याच्या बाजारात गेलं, तर पहिला आपरेशन केलेला ग्रामसेवकच नामर्द झाला म्हणून डंका वाजेल. पुढच्या शिबिराला एक माणूस ट्रकजवळ फिरकणार नाही. तो स्वतःला सांगायचा की मी गप्प बसतोय ते या कामासाठी. खरं म्हणजे त्याला लाज वाटत होती, आणि लाजेला कामाचं नाव दिलं की ती सोसायला सोपी जात होती.

नगरला एका गल्लीत एक खासगी डॉक्टर होता. दारावर 'पुरुषांचे सर्व विकार' अशी पाटी. कार्तिकात सूर्यभान तिथं गेला, आसपास ओळखीचं कुणी नाही असं बघून आत शिरला. डॉक्टरनं जीभ पाहिली, नाडी पाहिली, एवढंच. "चाळिशीनंतर होतं असं. दर आठवड्याला एक सुई," तो म्हणाला. औषध तेलकट होतं, सुई जाड. टोचलेली जागा दोन दिवस ठणकायची.

पण गुण आला. तिसऱ्या सुईनंतर सूर्यभान एके सकाळी उठला तो आवाज चढवून गाणं म्हणतच. वाडीचा चढ त्यानं न उतरता पार केला. हिशोबाचे, अर्जांचे तुंबलेले कागद दोन दिवसांत हातावेगळे केले. त्याला आपला धनी आपण झाल्यासारखं वाटू लागलं. इच्छाही परत आली, आणि नुसती परत आली नाही, तर दारावर धडका देत आली.

सुयांबरोबर दुसरंही काही आलं. पाठीवर आणि कपाळावर पोरवयात येतात तशा पुटकुळ्या उठल्या. संध्याकाळी पावलं सुजायची. आणि राग. गावसभेत रहाटाच्या दुरुस्तीवरून एका म्हाताऱ्याला त्यानं धक्का मारून खाली बसवलं. मग एक दिवस, जेवताना कालवणात मीठ कमी पडलं एवढ्यावरून, त्यानं छबूबाईच्या तोंडात मारली. अठरा वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. दोन्ही मुली भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. छबूबाई रडली नाही. पदरानं ओठ पुसला, कालवणाचं पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

त्यानंतर ती मुलींच्या मध्ये अंथरूण घालू लागली. ज्याच्यासाठी एवढी यातायात केली ते अंगात आलं होतं, आणि बायको त्याच्या वाऱ्याला उभी राहायला तयार नव्हती.

सूर्यभान पुन्हा नगरला गेला नाही. आठ सुया झाल्या होत्या. त्या बंद केल्यावर पंधरा-वीस दिवस बरे गेले आणि मग तो असा कोसळला की पहिला थकवा परवडला म्हणायची वेळ आली. भर दुपारी ऊन अंगावर घेऊन बसला तरी हातपाय गार. कारण नसताना डोळ्यांत पाणी यायचं. ते लपवायला तो तोंड धुवायला उठायचा. पौषात तालुक्याला बैठक होती. ती उरकल्यावर डॉक्टर राशीनकर त्याच्याजवळ आले, त्याच्या कपाळावरचे डाग, सुजरे गाल बघत म्हणाले, "पालवे, काय घेताय तुम्ही?"

सूर्यभाननं आधी उडवाउडवी केली. मग केंद्रामागच्या लिंबाखाली उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, आपरेशनची शंकासुद्धा.

"आपरेशननं हे होत नाही," ऐकून झाल्यावर डॉक्टर म्हणाले. "पण आपरेशन मी केलंय, तेव्हा माझं ऐकू नका. पुण्याला माझे गुरू आहेत, त्यांच्याकडं जा. मी चिठ्ठी देतो."

पुण्याचे ते डॉक्टर वयस्क, सावकाश बोलणारे. त्यांनी सूर्यभानला अर्धा तास प्रश्न विचारले. झोप कशी, भूक कशी, लहानपणी गालफुगी झाली होती का, मन कशात लागतं का. मग पडद्याआड नेऊन नखशिखांत तपासलं. छातीवरचे केस, अंगाची ठेवण, सगळं. बाहेर आल्यावर त्यांनी एका कागदावर चित्र काढलं.

"हे बघा. नसबंदीत फक्त ही नळी बांधतात. पुरुषाच्या अंगात जोर, दाढी, इच्छा ज्या द्रव्यानं येते, ते या नळीनं जातच नाही. ते थेट रक्तात उतरतं. त्याची वाट कुणी अडवलेली नाही."

"मग कुठं गेलं ते?" सूर्यभाननं विचारलं.

"ते मोजावं लागेल. रक्त मुंबईला पाठवू. पण आज नाही. तुम्ही बाहेरून सुया घेतल्यात. बाहेरून आयतं मिळालं की शरीर आपलं काम बंद करतं. ते पुन्हा सुरू व्हायला वेळ द्या. तीन-चार महिन्यांनी या."

ते महिने सूर्यभाननं कसेबसे ढकलले. वैशाखात तो पुण्याला जाऊन रक्त देऊन आला आणि निकालाची वाट बघत होता. त्याच सुमारास गावाची गाडी-बैलं कारखान्यांवरून परतली, आणि एके सकाळी पुंजाराम ओट्यावर येऊन बसला.

सूर्यभानला तो चटकन ओळखूच आला नाही. खांद्याची हाडं वर आलेली, सदरा अंगावर टांगल्यासारखा. पुंजारामानं इकडं-तिकडं बघून आवाज खाली आणला.

"भाऊसाहेब, एक इचारायचंय. कुनाला बोलू नगा."

"बोल की."

"औंदा मला कोयता पेलंना. दिवाळीपासनं. दोन मोळ्या टाकल्या की बसावं लागायचं. फळीवर चढताना पाय लटपटायचं. मुकादम म्हनला, म्हातारा झालास. बायकूनं, साळूनं, माझ्या वाटचं तोडलं." त्याला खोकल्याची ढास लागली, ती थांबेपर्यंत तो छाती धरून बसला. "गड्यांत बोलत्यात की आपरेशनानं जोर जातो. म्या म्हनलं, गावात गेलो की भाऊसाहेबाला इचारीन. त्यांनी तर माझ्या अगुदर केलं. तुमाला काय झालं का वं?"

उत्तर द्यायला सूर्यभानला फार वेळ लागला नाही. नंतर त्याला याचंच नवल वाटायचं.

"मला? मला काय धाड भरलीय? बघतूस न्हवं," तो म्हणाला. "तुज्या मनाचं हाय ते. लोकांचं ऐकून मनात भ्या बसलंय. जरा खा-पी, ताकदीची बाटली आणून देतो तुला."

पुंजारामाचा चेहरा मोकळा झाला. "तुमाला न्हाई ना काय? मग झालं," तो म्हणाला. "म्या आपला येड्यावानी झुरत बसलो."

तो गेला. वाकलेल्या पाठीनं, खोकत गेला. तो खोकला सूर्यभानच्या कानावर पडला होता. पण आपलं बिंग फुटता फुटता राहिलं, या सुटकेतच तो इतका गुंतलेला होता की ऐकलेलं आत उतरलं नाही.

ज्येष्ठात मुंबईचा निकाल आला. सूर्यभान पुण्याला गेला. डॉक्टरांनी कागद त्याच्यापुढं सरकवला. एक आकडा, आणि शेजारी कंसात दोन आकडे.

"या दोहोंच्या मध्ये असेल तो नॉर्मल," डॉक्टर म्हणाले. "तुमचा आतच आहे. अगदी तळाशी, उंबऱ्याला टेकलेला, पण आत."

"म्हंजी मला आजार नाही?"

"आजार आहे असं म्हणता येत नाही."

"मग मला होतंय ते काय आहे?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "ते खरंच होतंय, यात मला शंका नाही. पण काही माणसांचा आकडा तरुणपणापासून तिथंच असतो आणि त्यांना काही होत नाही. काहींचा वरून उतरून तिथं येतो. तुमचा पंचविशीतला आकडा आपल्याकडं नाही. त्यामुळं उतरला, का तेवढाच होता, हे मला सांगता येणार नाही. दुसऱ्या कुणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

"सुई?"

"देता येईल. पण एकदा लावली की सोडणं अवघड, ते तुम्ही भोगलंय. पायाची सूज, तो राग, हेही तुम्हीच सांगितलंत. तळाशी का असेना, पण नॉर्मल माणसाला मी ती देणार नाही. तंबाखू सोडा, पोट भरून जेवा, नेमानं चाला. मन खचलं तरी असं होतं, आणि असं झालं की मन खचतं. त्यातलं आधी कोणतं तेही मला कळत नाही. घरात बोललात का?"

सूर्यभाननं मान हलवली, होय म्हणायला की नाही म्हणायला ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. परतताना एसटीच्या खिडकीशी बसून त्यानं तो कागद चारदा उघडला. क्षयरोग म्हणाले असते, मधुमेह म्हणाले असते, तर माणसाला घरी जाऊन सांगता आलं असतं. आपल्याला आजार नाही म्हणून डोळे भरून येणारे आपण एकटेच असू, असं त्याला वाटलं.

तो कागद त्यानं छबूबाईला दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. त्यानं वाचून, समजावून सांगितलं. नळीचं चित्रही काढून दाखवलं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हंजी आपरेशनानं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई म्हनत्यात."

"मग मी त्या राशीनकराला उगंच शिव्या दिल्या वरीसभर." ती पुढं म्हणाली, "तुमाला वाटत असंल मला त्येचंच दुःख हुतं. तसं न्हाई. तुमी बोलनं बंद केलं, त्येचं जास्त हुतं. आन मारलं त्येचं."

"चुकलं माझं," सूर्यभान म्हणाला. हे तो पहिल्यांदाच म्हणत होता. छबूबाईनं ते ऐकून घेतलं. बरं म्हणाली नाही की असू द्या म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या भाकरीला ती त्याच्या समोर बसू लागली.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. भाद्रपदात डोंगराच्या पायथ्याला सरकारी खडी फोडायचं काम निघालं आणि सगळं गाव हातोडे घेऊन तिथं बसलं. सूर्यभान उन्हातान्हात देखरेखीला असायचा. गावात सगळेच थकलेले, सगळ्यांचेच गाल बसलेले. त्याच्या थकव्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती आणि त्याचं त्याला बरंच वाटायचं. अशाच एका दुपारी पलीकडून साळूबाई, पुंजारामाची बायको, धावत आली.

"भाऊसाहेब, मालक रगत वकलं."

पुंजाराम खडीच्या ढिगाला टेकून बसला होता. पुढ्यातल्या पांढऱ्या दगडांवर लाल चूळ पडलेली. सूर्यभाननं ती बघितली आणि वैशाखातला तो खोकला त्याला चार महिन्यांनी ऐकू आला.

त्यानं जीप मिळवली, दोघांना घेऊन नगर गाठलं. तिथल्या दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षय. एका बाजूचं फुप्फुस बरंच खाल्लेलं. दीड वर्ष औषध, त्यात पहिले तीन महिने रोज सुई. डॉक्टर साळूबाईला म्हणाले, "चार-पाच महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं यांना. एवढं पसरलं नसतं."

साळूबाई सूर्यभानकडं बघून म्हणाली, "आमाला काय ठावं साहेब. आमी आपलं मनाचं हाय म्हनून बसलो."

सूर्यभान तिथून उठला, दवाखान्याच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या आणि परत आला. पुंजाराम व्हरांड्यातल्या खाटेवर उशाला धोतराची घडी घेऊन पडला होता. सूर्यभान शेजारी खाली फरशीवर बसला.

"पुंजा, तू वैशाखात मला इचारलं हुतं. मी खोटं बोललो."

पुंजारामानं मान वळवली.

"मलाबी हुत होतं. सव्वा वरीस झालं. चढ चढवत न्हाई, कामात जीव लागत न्हाई, बायकोजवळ..." तो थांबला, मग वाक्य पुरं केलं. "बायकोजवळ जाववत न्हाई. पुन्याला जाऊन आलो. ते आपरेशनानं न्हाई, तुजंबी न्हाई अन माझंबी न्हाई. तुझा रोगच येगळा निघाला. पर मी तवा खरं बोललो आसतो तर तुला डाक्टरकडं न्हेलं आसतं. मला लाज वाटली."

पुंजाराम वरच्या पत्र्याकडं बघू लागला.

"म्हंजी तवा तुमालाबी हुतं," तो म्हणाला.

"व्हय."

"आन तुमी न्हाई म्हनले." त्याचा आवाज चढला नाही, चढवायला छातीत वाराच नव्हता. "भाऊसाहेब, चार महिनं म्या माझ्याच मनाला शिव्या दिल्या. खोकला आला तरी म्हनायचो, भाऊसाहेबाला काय झालं न्हाई, मग तुलाच कसं हुतं रं? उठ, फोड खडी." तो कुशीवर वळला. "जावा आता. साळूला पाठवा."

सूर्यभान उठला. माफी मागायचे शब्द त्यानं तयार ठेवले होते. ते तसेच राहिले.

पुंजाराम जगला. तीन महिन्यांनी घरी आला, अंगावर मांस धरलं. पण कोयता सुटला तो सुटलाच. दसऱ्याला साळूबाई थोरल्या मुलाला घेऊन कारखान्यावर जायची आणि पुंजाराम मागं शेळ्या राखायचा. गावात दिसला तर सूर्यभानशी बोलायचा, विचारेल तेवढ्याचं उत्तर देऊन.

१९७३ च्या पावसाळ्यात पुन्हा शिबिर आलं. शाळेच्या पटांगणात लोक जमवले होते, तालुक्याचे अधिकारी खुर्चीवर होते. सूर्यभान उभा राहिला. तीन वर्षांपूर्वीचं भाषण त्याला पाठ होतं. ते त्यानं केलं नाही.

"मी आपरेशन केलंय," तो म्हणाला. "त्यानंतर वर्षानं मला थकवा आला. अजून हाय. पुन्याच्या डाक्टरनं तपासलं, रगत मुंबईला पाठवलं. आपरेशनाचा त्याच्याशी काय संबंध न्हाई, असं ते म्हनले. मला ते पटलंय. कवा कवा रातीचं पटत न्हाई, पर दिवस उगवला की पटतं. तुमी मला इचारलं तर मी पुन्हा करीन, पर घरी बायकोला इचारून करीन. ज्याला यायचं त्यानं या. आन कुनाला पुढं काय झालं, आपरेशनानं हू दे न्हाईतर कशानं, तर माझ्याकडं या. मी दवाखान्यात घिऊन जाईन. तुज्या मनाचं हाय, असं मी कुनाला म्हननार न्हाई."

पटांगणात कुणी हसलं नाही. अधिकाऱ्यांचा चेहरा लाल झाला होता. मागून भिंतीजवळून पुंजाराम उठला. "माझा छातीचा रोग हुता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आपरेशनाचा न्हाई." आणि शेळ्यांची काठी घेऊन निघून गेला. त्या दिवशी ट्रकमध्ये तिघे जण चढले. आठवड्यानं सूर्यभानला कारणे दाखवा म्हणून नोटीस आली. त्यानं खरं ते लिहून पाठवलं. पुढची वेतनवाढ थांबली.

त्याच हिवाळ्यात तो पुण्याला पुन्हा तपासून आला. या खेपेला छबूबाई बरोबर होती. आकडा जवळजवळ तोच होता. दोन घरं वर, पण त्याला काही अर्थ नाही असं डॉक्टर म्हणाले. तंबाखू सुटली होती. दुपारची झोप थोडी कमी झाली होती. चढ अजून तो चालतच चढायचा. इच्छा कधी यायची, बऱ्याचदा यायची नाही. आता ती आली नाही तर तो पाठ फिरवत नव्हता, एवढाच फरक पडला होता. एसटीत छबूबाई खिडकीशी बसून पेरू खात होती. मध्येच म्हणाली, "डाक्टर भला माणूस हाय. पर सांगत काईच न्हाई."

"त्याला ठावं न्हाई ते तो सांगत न्हाई," सूर्यभान म्हणाला.

नगरला उतरून त्यानं दवाखान्यातून पुंजारामाच्या महिन्याच्या गोळ्या घेतल्या. वर्षभर हे काम त्यानं स्वतःकडं घेतलं होतं. दुसऱ्या सकाळी तो पुंजारामाच्या वस्तीवर गेला. पुंजाराम एका शेळीचा खूर बघत बसला होता. गोळ्यांची पुडी त्यानं घेतली, कनवटीला लावली.

"पुन्याला गेल्ते म्हनं," तो शेळीवरची नजर न काढता म्हणाला.

"व्हय."

"काय म्हनला डाक्टर?"

"हाय तेवढंच हाय."

पुंजारामानं खुरात रुतलेला काटा नखानं उपसून काढला, बघितला, टाकून दिला. "दुसरा पाय धरा जरा हिचा," तो म्हणाला. "लई नाचती." सूर्यभान खाली बसला आणि त्यानं शेळीचा पाय धरला.